अडकलेल्या बोल्टची चौकशी

वडिलोपार्जित शस्त्र हा घराण्याचा कणा असतो. या घराण्याचा कणा सकाळपासून जेवणाच्या टेबलावर, जुन्या चादरीवर आडवा पडला होता आणि त्याचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा मागचा दांडा, जागचा हलत नव्हता.

"घातपात आहे," थोरल्याने दारातच सांगितलं.

शस्त्र खात्याच्या निरीक्षक बाई आल्या होत्या साध्या तपासणीला. वडील वारले होते, त्यांची लष्करी रायफल थोरल्याच्या नावावर व्हायची होती. त्यासाठी बोल्ट उघडून आतलं दाखवणं भाग होतं. नाहीतर रायफल सरकारजमा.

"कुणी केला घातपात?"

"याने." थोरल्याने सोफ्याकडे बोट केलं. तिथे धाकटा भाऊ पहारेकऱ्याच्या गणवेशात बसला होता. "बाबांनी रायफल मला दिली, ते याला पचलं नाही. आत गोंद ओतलाय. तक्रार लिहून तयार आहे. तुम्ही बघितलंत की चौकीवर नेऊन देतो."

शस्त्राशी छेडछाड केल्याची तक्रार असलेला पहारेकरी कुणी कामावर ठेवत नाही.  धाकटा मांडीवरची टोपी गोल गोल फिरवत राहिला.

बाईंनी नळीच्या तोंडातून एक गज हळूच आत सोडला. जिथे थांबला तिथे अंगठा धरला, गज बाहेर काढला आणि रायफलीला बाहेरून लावून पाहिला. टोक थेट बोल्टपर्यंत पोचत होतं.

"आत गोळी नाही. आता श्वास घ्यायला हरकत नाही. एखादं फडकं मिळेल?"

वहिनींनी, थोरल्याच्या बायकोने, टेबलाचा खण ओढला. तो आला नाही. पाय लावून ओढला, तेव्हा फाटकन आवाज करत आला.

"हल्ली घरातलं सगळंच असं घट्ट झालंय," वहिनी म्हणाल्या. "खिडकीला तर खांदा लावावा लागतो."

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. चौकट आरशासारखी चकाकत होती. रायफलीचा लाकडी दस्ताही.

"बोल्ट शेवटचा कधी हलला?"

"बाबा गेले तेव्हा. मी स्वतः हलवला होता," थोरला म्हणाला.

"नंतर कुणी हात लावला?"

"फक्त याने. गेल्या रविवारी, ही चहा करत होती तेवढ्यात."

बाई धाकट्याकडे वळल्या. "लावलात?"

"लावला. ओढून पाहिला, हलला नाही. ठेवून दिला."

"सांगितलं का नाहीत?"

"दादाला? लहानपणी रेडिओ बंद पडला तेव्हा मी घरातसुद्धा नव्हतो. मार मलाच पडला."

"रेडिओचा विषय वेगळा आहे," थोरला म्हणाला.

"रेडिओ यांनीच उघडला होता," वहिनी म्हणाल्या.

"तू तेव्हा या घरात आली नव्हतीस."

"सासूबाई होत्या ना. त्यांनीच सांगितलं."

बाईंनी विचारलं, "रायफलीची देखभाल कोण करतं?"

"हेच. निवृत्त झाल्यापासून हे दुसरं काही करत नाहीत. माझ्या भाजी चिरायच्या फळीलाही सोडलं नाही."

बाईंनी बोल्टवरून नख ओढलं. पिवळसर पापुद्रा निघाला. त्यांनी तो हुंगला, मग उजेडात धरला. पापुद्र्यात ब्रशाचा एक पांढरा केस अडकला होता.

"गोंद एका जागी ओततात," त्या म्हणाल्या. "हा थर सगळीकडे सारखा आहे, अगदी स्क्रूच्या खाचेतही. एकावर एक हात दिलेत. सूड घ्यायला आलेला माणूस पहिला हात वाळायची वाट बघत बसत नाही. आणि चहा होईपर्यंत तर मुळीच वाळत नाही."

धाकट्याची टोपी थांबली.

"खण, खिडकी, बोल्ट. तिघांना एकच दुखणं. जवसाचं तेल. लाकडाला उत्तम, कारण ते वाळून चामड्यासारखं होतं. लोखंडाच्या फटीत शिरलं तर तिथेही तेच करतं. ब्रश कुणाचा?"

 वहिनी आत गेल्या आणि तेलाचा डबा ब्रशासकट आणून टेबलावर ठेवला.

"तेल ते तेलच," थोरला म्हणाला. मग आवाज खाली आला. "बाबा गेले, आता रायफलीकडे कोण बघणार म्हणून... दोन हात दिले."

"तीन," वहिनी म्हणाल्या.

थोरल्याने खिशातला तक्रारीचा कागद काढला, त्याचे चार तुकडे केले आणि ते कुठे टाकावेत हे न कळून पुन्हा खिशात ठेवले.

"तू कामावर जा," तो धाकट्याला म्हणाला. "उशीर होईल."

"झालाय," धाकटा म्हणाला, आणि त्याने रायफलीचा दस्ता दोन्ही हातांनी घट्ट धरला.

बाईंनी बोल्टभोवती थिनर सोडलं. ते मुरेपर्यंत दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता बसले. मग थोरल्याने लाकडी हातोडीने बोल्टच्या मुठीवर खालून हलके ठोके घातले. मूठ कुरकुरली, उचलली गेली, आणि बोल्ट सरकत बाहेर आला.

बाईंनी तो पुसला, उलटसुलट केला, पुढच्या भोकातून आरपार पाहिलं.

"आत गोळी उडवणारी पिनच नाहीये," त्या म्हणाल्या. "नुसती कवायतीची रायफल दिसते. हिच्यातून गोळी सुटतच नाही. असल्या वस्तू आमच्या खात्यात येत नाहीत."