पट्ट्यांचा उतार

नागसेनचं काम तसं साधं. मेहकरहून बीबीकडे जाणारा रस्ता रुंद होत होता आणि जिथे खणलेलं, उघडं असेल तिथे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची पाटी लावायची. तिरपे पट्टे ज्या बाजूला उतरतात, त्या बाजूने गाडी काढायची. डाव्या उताराची पाटी वेगळी, उजव्याची वेगळी. वरची बाजू खाली केली तरी उतार बदलत नाही. नव्या मजुरांना हे पटत नसे, मग तो पाटी फिरवून दाखवायचा. नट आवळला की त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे कोणी पाना लावला तर कळावं. असा सगळ्यावर खूण करून ठेवणारा माणूस.

बीबीच्या अलीकडे रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या एका मोरीचं काम चालू होतं. बीबीकडून येताना उजवीकडे नवा स्लॅब, ओल्या पोत्यांनी झाकलेला, त्यावर अजून गाडी घालायची नव्हती. डावीकडे मुरूम टाकून केलेला तात्पुरता रस्ता. पाटी अर्थातच डाव्या उताराची.

सोमवारी सकाळी, लाल झेंडी घेऊन उभी राहणाऱ्या पुष्पाबाईने विचारलं, "सायेब, पाटी काऊन बदलली?"

पट्टे उजवीकडे, स्लॅबकडे उतरत होते. नागसेनने पाटीच्या मागे पाहिलं. नंबर सतरा, त्याच्याच अक्षरात. नटांवरचे ठिपके अखंड होते. कोणीतरी टवाळी करतंय म्हणून त्याने पाटी काढून जीपमध्ये टाकली आणि गोदामातली नवी लावली.

मंगळवारी नवीही उजवीकडे उतरत होती. ठिपके तसेच. जीपमधल्या सतरा नंबरचे पट्टे मात्र पुन्हा डावीकडे वळले होते.

भीती वाटायच्या आधी त्याला राग आला. पहार घेऊन त्याने मुरमाचा रस्ता जागोजागी ठोकून पाहिला. टणक होता. खडीचे ट्रक रोज त्यावरूनच जात होते.

"दोन दिवस स्लॅबावरून जाऊ द्या ना लहान गाड्या," पुष्पाबाई हळूच म्हणाली. "ते काहीतरी सांगून राह्यलं."

"पाटी मी लावतो, बाई. पाटी मले शिकवत नाही."

त्याने आणखी एक पाटी लावली; बुधवारी सकाळी पुन्हा तेच. त्याने सतरा नंबर जागेवर लावली, डावीकडे उतरती, आणि बायकोला फोन केला. धम्मशीला मेहकरच्या दवाखान्यात नर्स होती, बीबीहून रोज स्कूटीने जायची.

"मोरीजवळ पट्टे पाहून ये. डावीकडूनच."

"तुमच्या पाट्यांवर तर डोळे मिटून जाते मी," ती हसली.

साडेदहाला ती आली. तो चाळीस पावलांवर उभा होता. तिने पाटी पाहिली, त्याला पाहिलं, एक हात वर केला आणि स्कूटी डावीकडे घातली.

रस्ता खाली बसला.

आवाजही फारसा झाला नाही. मुरमाखाली जुनी विहीर होती. कुठल्याही नकाशात नव्हती. उजवीकडे स्लॅबवरची पोती ओलीच्या ओली पडून होती. स्कूटी तर आरामात गेली असती. त्या दिवसापासून नागसेनच्या मनात हे एकच वाक्य उरलं.

धम्मशीला गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. अकराव्या दिवशी तो कामावर परतला. आठ वर्षांच्या लेकीला, महामायाला, शेजारच्या मनकर्णाबाईंकडे सोडलं आणि घराला कुलूप घातलं. आता आपल्याला ही एकच उरली, हे त्याने स्वतःला दिवसभर बजावलं.

दिवेलागणीला तो घरी आला तेव्हा पाटी अंगणात होती.

दारासमोर, एक कड दाराकडे आणि दुसरी रस्त्याकडे, जमिनीत पक्की रोवलेली. नंबर सतरा.

पट्टे दाराकडे उतरत नव्हते. रस्त्याकडे उतरत होते, आल्या वाटेने परत.

दार उघडं होतं. किल्ली त्याच्या खिशात होती.

आतून फोडणीचा वास आला. धम्मशीला जळू द्यायची तसा, लसूण जरा जास्त जळलेला.

"बाबा," महामायाचा आवाज आला, "कव्हाचे उभे हाय तुम्ही? या ना. आई वाढून राह्यली."

नागसेन पट्ट्यांकडे पाहत राहिला.

मग त्याने खिशातून पाना काढला. नटांवरचे ठिपके ओले होते, बोटाला लाल रंग लागला. पाटी उतरवून त्याने पट्टे भिंतीकडे करून ठेवली, चपला काढल्या आणि आत गेला.