सतरा तारखेची भेट

वृद्धाश्रमाच्या दाराशी, भेटायला येणाऱ्यांसाठी एक संगणक ठेवला होता. कुणाला भेटायचं, नातं काय, तारीख कोणती, एवढं भरलं की दाराचं कुलूप उघडायचं. आश्रमातून बाहेर जाणाऱ्यांची आणि त्यांच्या परतीच्या तारखेची नोंदही त्यातच व्हायची. पण आठवडाभर तो फॉर्म अगदी बरोबर तारखा नाकारत होता, म्हणून सुट्टीच्या दुपारी प्रोग्रामरला बोलावलं. तोही लगेच आला. आई गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी घर त्याला खायला उठायचं.

चूक साधी होती. फॉर्म दिवसाला महिना समजत होता, त्यामुळे बारानंतरची प्रत्येक तारीख चुकीची ठरत होती. आतल्या ऑफिसात बसून अर्ध्या तासात त्यानं ते सरळ केलं. मग नाकारलेल्या फॉर्मची यादी उघडली, तर एक फॉर्म अजून येतच होता. दर चार मिनिटांनी. खोली नऊ, नातं मुलगा, तारीख सतरा... पण सात वर्षांपूर्वीची. ‘मागची तारीख चालणार नाही’ म्हणून फॉर्म त्याला परत पाठवत होता.

त्यानं काचेतून दाराकडे पाहिलं. संगणकापुढे कोणी नव्हतं. पडद्यावर मात्र एकेक अक्षर उमटत होतं, अडखळत, एका बोटानं टाइप करावं तसं.

“सिस्टर, नऊ नंबरमध्ये कोण असतं?”

नर्स औषधांचा ट्रे घेऊन निघाली होती, ती थबकली. “आक्का. का हो?”

“त्यांचा मुलगा...”

“सतरा तारखेला न्यायला येतो म्हणाला होता.” तिचा आवाज खाली आला. “निघालाही होता. वाटेत गाडी उलटली. आम्ही सांगितलं आक्कांना, पण पटतच नाही. रोज विचारतात, आज सतरा का...”

चार मिनिटं झाली. पुन्हा तीच तारीख, पुन्हा नकार. ‘पुढच्या महिन्यात येतो’ असं प्रोग्रामरही आईला सांगत राहिला होता. मागच्या तारखा अडवणारी ओळ त्यानं पुसून टाकली.

कुलूप खट्कन उघडलं. पेट्रोलचा आणि चिखलाचा वास आत आला. त्यामागून पावलं, एक पाय ओढत, बोळातून सावकाश पुढे गेली. नऊ नंबरचं दार उघडून लागलं.

आतून आक्का म्हणाल्या, “किती रे उशीर केलास...” मग हसू.

प्रोग्रामरनं मागोमाग जाऊन त्या दाराच्या कडीला हात घातला, तसा नर्सनं तो धरला. “राहू द्या. सात वर्षांत हसल्या नव्हत्या हो त्या.”

दोघं दाराबाहेरच उभी राहिली. उन्हं उतरली, आतली कुजबुज हळूहळू विरली. शेवटी नर्सनं दार ढकललं. पलंग नीट आवरलेला, खिडकीचे गज जागच्या जागी. आक्का नव्हत्या. आणि त्या दारातून तर कोणी बाहेर पडलं नव्हतं.

प्रोग्रामर धावत संगणकाशी गेला. ‘बाहेर जाणारे’ या रकान्यात दोन हा आकडा होता. त्याखाली परत येण्याची तारीख भरलेली होती, आणि फॉर्मनं ती विनातक्रार स्वीकारली होती. उद्याची.