चहाच्या वेळचं स्वप्न

राजसी डोळे चोळत बाहेर आली तेव्हा तिचं स्वप्न निम्मं संपलेलं होतं. पप्पांना दम निघाला नव्हता. भिंतीवरच्या पडद्यावर वाईचा घाट दिसत होता, पायऱ्यांवर बाजार भरला होता आणि त्यातून परकर-पोलक्यातली छोटी राजसी कुणाला तरी शोधत चालली होती. पप्पा खारी चहात बुडवून बघत होते. आई डबा भरता भरता मधूनच मान वर करत होती.

"ये, बस. आज झकास पडलंय," पप्पा म्हणाले. "फक्त ती डाव्या अंगाची माणसं बघ की. उगंच उभी हायत. एकाच्या बी हातात काय न्हाय. गर्दीला काम द्यावं लागतं गं, नायतर ती गर्दी वाटत न्हाय, रेशनची रांग वाटते."

"पप्पा, मी झोपले होते."

"ते हायच की. पण ध्यानात ठेव."

घरोघरी आता हे असंच चालायचं. कपाळावर बांधायची ती मऊ स्वप्नपट्टी रात्रभर मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपून ठेवी. कुठल्या लहरीला कुठलं चित्र, हे यंत्र त्या त्या माणसाकडूनच हळूहळू शिकत जाई आणि सकाळी स्वप्नपट तयार. मुलांच्या मनात काय चाललंय ते आईवडिलांना कळावं म्हणून डॉक्टरांनीच आधी पट्टीची शिफारस केली होती. पुढे तिची करमणूक झाली. पेपर वाचायची वेळ घराघरांतून रिकामीच पडली होती, ती स्वप्नांनी घेतली.

भिलाऱ्यांच्या घरात मात्र करमणुकीवर भागत नव्हतं. राजसीचे पप्पा अमोल भिलारे एके काळी शूटिंगला गर्दी पुरवायचे. घाटावर सिनेमावाले उतरले की आसपासच्या गावांतून बाया, म्हातारे, पोरं, बैल, लागेल ते तासाभरात हजर. पुढे गर्दी संगणकातच तयार होऊ लागली आणि अमोलभाऊंनी स्ट्रॉबेरीच्या रोपांची एजन्सी घेतली. धंदा सुटला, पण नजर कुठे सुटते? राजसी लहानपणी कितीतरी सिनेमांत डोक्यावर कळशी घेऊन नायिकेच्या मागून गेली होती. त्या वेळी पप्पा एकच बजावायचे, कॅमेऱ्याकडे बघायचं न्हाय. ती कधी बघायची नाही. आता स्वप्नातही बघत नव्हती.

आधी आधी या सगळ्याची गंमत वाटायची. पप्पा म्हणायचे, मागची माणसं हलत नाहीत, की दुसऱ्या रात्री माणसं हलायची. पप्पा म्हणायचे, शेवट घाईत उरकला, की पुढच्या स्वप्नात ती जिन्यावर थांबून मागे वळून बघायची. एकदा तर स्वप्नाच्या ऐन मध्यावर पडदा काळा झाला आणि मध्यंतर पडलं. पप्पा हसून हसून लाल झाले, शेजाऱ्यांना बोलावून त्यांनी ते दाखवलं. राजसीही हसली. मग अंघोळीला गेली आणि नळ सोडून तशीच बसून राहिली. झोपेतसुद्धा आपण पप्पांना आवडेल असंच काहीतरी करत असतो, हे तिला त्या दिवशी लख्ख कळलं. पळून जायला माणसाला निदान झोप तरी असते. तिची तीही गेली होती.

कॉलेजच्या वाटेवर अल्फिया बागवान भेटायची. अल्फियाच्या घरी पट्टी आलीच नव्हती. तिच्या अब्बांना ते सगळं आगाऊपणाचं वाटे.

"काल काय झालं माहितीये? फूफीच्या घरात उंट होता," अल्फिया सांगू लागली. "म्हणजे उंट नव्हता, फ्रीज होता. पण मला माहीत होतं की तो उंटच आहे. आणि फूफी म्हणत होती, त्याला केस विंचरून दे."

"मग?"

"मग काय, गेलं. आठवत नाही."

राजसीला त्या 'गेलं'चा हेवा वाटला. तिचं काहीच जात नव्हतं. सिनेमात माणसं कशी पटकन मोठी होतात! पोरगं पळत सुटतं, कॅमेरा त्याच्या पायांवर येतो आणि पुन्हा वर जाईपर्यंत त्याला मिशी फुटलेली असते. मधली वर्षं कुणी बघत नाही. राजसीची मधली सगळी वर्षं चहाबरोबर बघून झाली होती. दाताला तार बसल्यावर पडलेली स्वप्नं, पाळी आल्यानंतरची, वर्गातला एक मुलगा आवडायला लागल्यावरची. त्या मुलाचं तर पुढच्याच रात्री स्वप्नात झाड झालं होतं. सकाळी पप्पा बघणार हे डोक्याला झोपेतही ठाऊक होतं.

एकदा अभ्यासाच्या निमित्ताने ती अल्फियाकडे राहिली आणि पट्टीशिवाय झोपली. सकाळी आत काहीच नव्हतं. पुसलेली पाटी. घाबरून तिने मानसशास्त्राच्या जाधव मॅडमना गाठलं.

"फोन आल्यापासून कुणाला नंबर पाठ राहतात का?" मॅडम म्हणाल्या. "तसंच आहे. बाहेर साठतंय म्हटल्यावर मेंदू आत ठेवायचे कष्ट घेत नाही. तुला स्वप्न पडलं असणार. फक्त ते तू राखून ठेवलं नाहीस."

"सवय मोडली तर परत येईल?"

"येईलही. लहानपणापासून पट्टी लावलेली तुमची पहिलीच पिढी. तुमच्या आधी कुणी नाही गं, ज्याला विचारावं."

म्हणजे पट्टी लावली तर स्वप्न पप्पांचं, काढली तर कुणाचंच नाही. राजसीला दोन्हीकडून कडी लागल्यासारखं झालं.

त्यातच पुण्याहून कर्णिक आले. 'निद्रालोक' नावाची कंपनी सामान्य माणसांचे स्वप्नपट विकत घेऊन लोकांना दाखवत असे. कर्णिक तिथलेच; तरतरीत, गोड बोलणारा तरुण माणूस. राजसीचे काही स्वप्नपट पप्पांनी त्यांना हौसेने पाठवले होते.

"मांडणी उत्तमच आहे," कर्णिक म्हणाले. "पण खरं सांगू? जरा जास्तच नीटनेटकी. प्रेक्षकांना आता कच्चं लागतं. एखादं खरंखुरं, बेसावध स्वप्न मिळालं तर मी करार घेऊनच येतो. सात वर्षांचा. रोज पट्टी, बाकी सगळं आम्ही बघू."

"सात वर्षं रोज?" राजसीने विचारलं.

"झोपायचंच तर आहे," कर्णिक हसले.

त्या संध्याकाळी तिने सगळा धीर गोळा केला आणि पप्पांसमोर उभी राहिली. "मला पट्टी नको. थोडे दिवस तरी नको. माझ्या डोक्यात माझं म्हणून काही उरलंय का, ते मला बघायचंय."

पप्पा चिडतील असं तिला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. उलट तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "बरं. टिपायचं बंद करून ठेवतो. पण पट्टी डोक्याला असू दे. एकदम सोडलीस तर झोप लागत न्हाय म्हणं. हे बघ, दिवा बी बंद हाय."

पट्टीवरचा हिरवा ठिपका खरंच विझलेला होता. सकाळी पडदाही कोराच राहिला. पप्पा खारी खात मुकाट खिडकीबाहेर बघत बसले आणि राजसीला त्यांची दया आली. पण तिला मोकळं वाटत होतं. आठवत काहीच नव्हतं, तरी सकाळी उशी ओली असायची, किंवा उगाचच गाणं म्हणावंसं वाटायचं. आत काहीतरी घडून जात होतं आणि ते कुणीही बघत नव्हतं. नुसत्या त्या विचारानेच तिला भूक लागायला लागली.

रविवारी कर्णिक पुन्हा आले. पप्पांनी पडदा लावला.

पडद्यावर घाट होता. माणूस नाही, कुत्रं नाही, सगळ्या पायऱ्या मोकळ्या. चित्र मधूनच विरघळत होतं. राजसी लहानही होती आणि आत्ताएवढीही होती, दोन्ही एकदमच. नदीत कंबरभर पाण्यात पप्पा उभे होते आणि हात हलवून गर्दीला बोलावत होते. कुणी येत नव्हतं. ते पुन्हा हाका मारत होते, घसा फुटेस्तोवर, आणि प्रत्येक हाकेबरोबर थोडे थोडे लहान होत होते. राजसी काठाने आली. तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती पुढे चालू लागली. पूल ओलांडून पार पलीकडे गेली, आणि मागे वळली नाही.

"अप्रतिम!" कर्णिक पुटपुटले.

आई हातातलं ताट तसंच धरून उभी होती. राजसी पप्पांकडे वळली. "बंद आहे म्हणाला होतात," ती म्हणाली.

पप्पांचं तोंड उतरलं होतं. "दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली हुती," ते कसंबसं म्हणाले. "आमच्या शूटिंगच्या धंद्यात असंच करत्यात गं. नवी गर्दी कॅमेरा बघून लाकडागत उभी ऱ्हाते. मग तिला म्हणायचं, ही नुसती रिहर्सल हाय. आन् टेक घेऊन टाकायचा. कुणाचं काय बिघडत न्हाय. चांगलं येतं."

"मी गर्दी आहे का, पप्पा?"

पडद्यावर शेवटचं चित्र थांबलं होतं. पाण्यात टाचणीएवढे उरलेले पप्पा, आणि पुलापलीकडचा रस्ता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना एखाद्या स्वप्नात काही दुरुस्ती सुचली नाही.

कर्णिकांनी घसा साफ केला. "ती अजून अठराची नाही. पालक म्हणून तुमचा अंगठा चालेल, अमोलराव." त्यांनी कराराची इलेक्ट्रॉनिक पाटी पुढे केली.

राजसीचा सगळा जीव त्या अंगठ्यात अडकला. तिने पप्पांना विनवलं नाही. विनवलं असतं तर तेही पडद्यावर चांगलं दिसलं असतं, असा एक भलताच विचार तिच्या मनात येऊन गेला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

पप्पांनी अंगठा पुढे नेला. मग मूठ मिटली. "न्हाय," ते म्हणाले. "तिनं बघून घेतलंय आन् गेलीय. आता मी कशाला पाण्यात उभा ऱ्हाऊ?"

कर्णिक बराच वेळ समजावत राहिले. शेवटी आईने दार उघडून धरलं, तेव्हा गेले.

पण सुटका अशी झटक्यात होत नसते. पप्पांनी पट्टी तिच्या हातात दिली, तिने ती कात्रीने कापली, तुकडे कचऱ्यात टाकले. तरीही झोपण्याआधी ती उशीचा अभ्रा उलटा करून बघायची. पलंगाखाली हात फिरवायची. पंख्याकडे टक लावून बघायची. पप्पा दारातून "खरंच काय न्हाय गं" म्हणायचे, आणि ते 'खरंच' ऐकलं की तिची झोप उडायची. आणि झोप लागलीच, तरी सकाळी पाटी कोरीच. आता उशीही ओली नसायची. आठवडे गेले. अल्फिया उंट, फ्रीज, बुडालेली शाळा असलं काय काय सांगत राहिली आणि राजसी ऐकत राहिली.

पावसाळा सरत आला तेव्हाच्या एका सकाळी ती चहाला येऊन बसली. कोऱ्या भिंतीकडे न बघण्याचा पप्पा कसोशीने प्रयत्न करत होते. बशीतल्या खारीचा लगदा झाला होता.

"काय दिसलं का गं काल?" त्यांनी विचारलं. मग घाईघाईने म्हणाले, "सांगू नको. ऱ्हाऊ दे. नुसतं दिसलं का, एवढंच."

काही दिसलं नव्हतं. राजसीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. किती वर्षांनी ती कुणाकडे अशी सरळ, डोळ्याला डोळा भिडवून बघत होती.

"दिसलं," ती म्हणाली. "पण ते माझं आहे."

पप्पांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं की वाईट, ते कळेना. राजसीने कप उचलला. ती चक्क खोटं बोलली होती, आणि ते कुणालाही, कुठल्याही यंत्राला कळणार नव्हतं. तिच्या आत आता एक दार बंद होतं, आणि ते तिने स्वतः लावलं होतं. त्यामागे अजून काहीही नव्हतं. पण लावलेल्या दारामागे, कुणी बघत नसताना, काही यायला सुरुवात होईल का?