रिकाम्या कोठडीला कुलूप

बसा ना. तुमचा छापखाना काही पळून जात नाही. स्मरणिकेचा मजकूर न्यायला आलात, पानं चाळलीत आणि लगेच म्हणालात, बाई, मधलं एक प्रकरण राहिलंय. राहिलेलं नाही, मी काढून टाकलंय. का ते सांगते. माझा भाऊ बाहेर गेलाय, तो येईपर्यंत सोबत झाली तर मलाही बरं. आणि मघाशी दाराची कडी शोधत होतात ना? आमच्या दाराला कडी नाही. नुसतं लोटलेलं असतं, तसंच राहू द्या.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाले आणि त्याच सुमारास भाऊ या नगरात फौजदार म्हणून बदलून आला. आई-वडील लवकर गेले, त्यामुळे त्याला मीच वाढवलं. बहिणीला फुकटात राबवायची सवय त्याला तेव्हापासूनची. इथल्या पोलीस खात्याची शंभरी जवळ आली, तर म्हणाला, ताई, तुला रिकामं बसवत नाही, हा इतिहास तूच लिही. मग ठाण्याच्या पुढच्या खोलीत मला एक टेबल मिळालं. एका अंगाला वायरलेसची खरखर, दुसऱ्या अंगाला बूट-पॉलिशचा वास. मागे अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला ठाण्याची एकुलती एक कोठडी.

त्या कोठडीचं गजाचं दार कायम उघडं असायचं. वाऱ्यानं लागू नये म्हणून खाली एक दगड सारलेला असे, आणि तो इतक्या वर्षांत झिजून गुळगुळीत झाला होता. मी शिपायांना विचारलं, हे कशाला? कुणी म्हणे दार आपटतं, कुणी म्हणे हवा खेळती राहावी म्हणून. वर्गात गृहपाठ विसरलेल्या मुलांचे चेहरे मी आयुष्यभर पाहिलेत. हे सगळे थापा मारत होते.

मला खरी माहिती पुरवायचे ते हवालदारकाका. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झालेली, पण घरी करमायचं नाही म्हणून रोज ठाण्यात हजर. खात्याची पहिली जीप म्हणे इतकी खटारा होती की चोराला पकडून आणताना वाटेत त्यालाच धक्का मारायला उतरवत. असे किस्से त्यांच्याकडे पोत्यानं होते. दगडाबद्दल विचारलं की मात्र काका पाणी प्यायला उठायचे.

मग प्रदर्शनासाठी ठाण्याची साफसफाई निघाली. जुन्या बेड्या, काठ्या, कंदील, माळ्यावरचं कायकाय खाली आलं. भाऊ पाहणी करत बोळात गेला आणि दगडाला ठेचकाळला. राग त्याच्या नाकावर. म्हणाला, ही कोठडी आहे की धर्मशाळा? दगड पायानं बाजूला सारला, दार ओढलं, माळ्यावरून काढलेलं जुनं पितळी कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. शिपायांना ठाऊक होतं, पण साहेबाला सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणीच पुढे झालं नाही, आणि तेवढ्यात निरोप आला की लाकडाच्या वखारीला आग लागलीय. भाऊ सगळ्यांना घेऊन निघाला. मागे मी आणि वायरलेसवरचा शिपाई, एवढेच उरलो.

उन्हं कलली तेव्हा काका आले. बोळात डोकावले आणि तिथल्या बाकावर मटकन बसले. कुलूप कुणी लावलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भावानं.

"आणि किल्ली?"

"त्याच्या खिशात."

"ते कुठे आहेत आत्ता?"

मी वखारीचं सांगितलं. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी जे सांगितलं, ते तुम्हाला हवं असलेलं प्रकरण.

खात्याचा पहिला फौजदार होता तेव्हा कोठडीत एक वाटसरू होता. संशयावरून धरलेला, नावही धड कुणी विचारलं नव्हतं. त्याही दिवशी गावात आग लागली. फौजदार सगळ्यांना घेऊन धावला, किल्ली त्याच्या खिशात होती, आणि त्याच्यावर जळतं छप्पर कोसळलं. मग काय, सगळं नगर शोकात. मिरवणुकीनं नेलं त्याला, भाषणं झाली. कोठडीत एक माणूस आहे, हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. ध्यानात आलं तेव्हा काय सापडलं, ते काकांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

"तेव्हापासून ती रिकामी असताना कुलूप घालायचं नाही," काका म्हणाले. "कुणी आत असेल तर काही होत नाही. रिकामी असली की... तो असतो. पुढे दोन साहेबांनी घातलं होतं. दोघंही किल्ली खिशात घेऊन बाहेर पडले, आणि दोघांनाही खांद्यावरून आणावं लागलं."

मला हसू यायला हवं होतं. तेवढ्यात बोळातून गज हलल्याचा आवाज आला. जोरात नाही, कुणी अदबीनं हात ठेवावा तसा. मग आवाज आला.

"साहेब... मी आहे अजून आत."

त्या आवाजात राग नव्हता. खिडकी बंद व्हायच्या वेळी रांगेतला शेवटचा माणूस बोलतो ना, तसा तो बोलला. मला राग चालला असता हो. ती अदब ऐकून मी फोनकडे धावले.

भावाला फोन लावला, तो वाजत राहिला. वायरलेसवरच्या शिपायानं हाका मारून मारून उत्तर मिळवलं. वखारीची भिंत पडलीय, राखणदार आत अडकलाय, त्याला आणायला साहेब स्वतः आत गेलेत. पुढे नुसती खरखर.

प्रदर्शनाच्या सामानात एक पहार होती, ती उचलली. काका म्हणाले, बाई, ज्यानं लावलं त्यानंच काढायचं असतं. मी म्हटलं, त्याला मी वाढवलंय, त्यानं लावलेलं मी काढलं तरी चालेल. कसं तोडलं देव जाणे, पण तोडलं. आत कुणी नव्हतं. कोरडी फरशी, घडी घातलेली घोंगडी, आणि ओल्या राखेचा वास. वर्गात बोलायचे तशा खणखणीत आवाजात मी म्हणाले, "तुम्ही सुटलात. जा. आणि माझ्या भावाला परत पाठवा." माझ्या खांद्याला काहीतरी गार घासून गेलं. अनवाणी पावलं पुढच्या खोलीतून बाहेर पडली. शिपायानं मान वर करून विचारलं, "आत्ता कोण गेलं?"

भाऊ आला. काजळीनं माखलेला, पण स्वतःच्या पायांनी चालत. मी त्याला धरून ओक्साबोक्शी रडले. धुरात त्याची दिशा हरवली होती, तेव्हा कुणीतरी मनगट धरून त्याला आणि राखणदाराला बाहेर आणलं. बाहेर आल्यावर त्या माणसानं एवढंच विचारलं, साहेब, किल्ली? आणि भाऊ इतका सुन्न झालेला की त्यानं खिशातून काढून दिली.

मला वाटलं, झालं. त्याला सुटका मिळाली, मला भाऊ मिळाला. इतिहासाच्या बाईनं इतकं भाबडं असू नये.

काही दिवसांनी दिवेलागणीला आम्ही दोघं इथेच बसलो होतो. बाहेरून दारात किल्ली फिरल्याचा आवाज आला. आमच्या दाराला कुलूप कधीच नव्हतं, आतून कडी होती तेवढीच. पण दार उघडेना. सकाळ होईपर्यंत उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी भावानं कडी-कोयंडे उपटून टाकले, तरी संध्याकाळी किल्ली फिरलीच. तेव्हा भाऊ उठला, दाराला तोंड लावून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "साहेब... आम्ही दोघं आहोत अजून आत." मीही म्हटलं. पावलं लांब गेली आणि दार आपसूक मोकळं झालं.

तेव्हापासून रोज हेच. तो येतो, मोजतो, जातो. हाताखाली एवढी माणसं असलेला माझा भाऊ दिवेलागणीला घरी धावत येतो आणि दाराशी लहान मुलासारखा उभा राहतो. हे मी छापू म्हणता?

आज त्याला मुख्यालयात बोलावलं होतं. दुपारीच परतायला हवा होता. फोन नुसता वाजतोय. तुम्ही यायच्या जरा आधी किल्ली वाजली. मी रोजच्यासारखंच म्हटलं, आम्ही दोघं आहोत. आज पावलं हलली नाहीत. बाहेरून त्यानं अगदी अदबीनं विचारलं, "आवाज एकच आला, बाई... दुसरा कुठे आहे? आणायला जाऊ?"

मी म्हटलं, नको, नको, येईलच एवढ्यात. तो म्हणाला, पुन्हा येतो. आणि मग दार लोटून तुम्ही आलात.

मी वाईट बाई नाही हो. पण त्याला दोनच लागतात. दोन भरले की तो भावाला शोधायला जाणार नाही.

ऐकलंत ना? आत्ता... हो, तीच. दार ओढू नका, ते आता उघडायचं नाही. इकडे या, माझ्याजवळ उभे राहा. तुमचा आवाज जरा जाड आहे, पण चालेल. माझ्यामागून म्हणा.