तिसरं घर, रस्त्याकडून

अनिता दिपेशच्या दुकानात शिरली ती एका स्क्रूसाठी. शहापूरच्या बाजारात कम्प्युटर दुरुस्तीची पाटी, आणि पाटीखाली कानामागे टेस्टर खोचलेला दिपेश. स्क्रू देताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं – आणि दुकानातले चौदा बंद मॉनिटर एकदम पेटले! खोटं वाटतं? दिपेश अजून शपथेवर सांगतो.

"नाव?" त्याने विचारलं.

"स्क्रूला नाव लागतं?"

"बिल करायचं असतं…"

"एका स्क्रूचं?"

तो कानापर्यंत लाल झाला. तिने नाव सांगितलं. गाव वैशाखरे, घर आळीतलं तिसरं. एवढं कुणी विचारलं नव्हतं.

हे दोन हजार एक सालचं. अनिता शहापुरातच महादूसरांच्या कम्प्युटर क्लासात शिकवायची. सरांनी कुठूनसं एक भलंमोठं जुनं यंत्र आणलं होतं, वेगळ्या जातीच्या चिपचं. त्यात दिपेशच्या दुकानातलं एक कार्ड बसवायचं. भातगिरण्यांतून येणारे तांदळाच्या ओलाव्याचे आकडे ते कार्ड थेट यंत्राच्या मेमरीत टाकणार. कार्डाची यंत्राशी ओळख करून देणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, अनिताने लिहिला. दिपेशच्या साध्या पीसीवर तो पळत होता. मोठ्या यंत्रावर आकडे गायब!

"हे बाईमाणसाचं काम नाय," महादूसर सगळ्या क्लासासमोर म्हणाले. "पुढच्या शनिवारी गिरणीवाले येतात. नाय चाललं तर काम कल्याणच्या पोरांना."

अनिता तरातरा दुकानात आली, कार्ड काउंटरवर आपटलं. "तुमचं कार्ड खराब आहे!"

"विसाव्यांदा तपासतोय. कार्ड चांगलंय."

"म्हणजे मी वाईट?"

"नाही हो… तुम्ही तर फारच…" पुढचा शब्द त्याने गिळला.

गिळलेले शब्द त्याने कागदावर उतरवले. अनिता शिमग्याला गावी गेली तसं याने पत्र टाकलं. तिच्या बापाच्या हातात पडलं तर? या भीतीने आत नाव नाही, बाहेर नाव नाही. पाकिटावर फक्त: आळीतलं तिसरं घर, वैशाखरे, तालुका मुरबाड.

इथे माझा संबंध येतो. मी कोंडू, वैशाखऱ्याचा पोस्टमन. आणि गावाने जे बोल मला लावले ते मी आजही मानत नाही! मी माळशेजच्या रस्त्याने सायकलवर येतो, आळीत शिरतो, तिसरं घर बघतो. तिसरं घर सकुबाईचं. वय पासष्ट, दात अकरा. पत्र दिलं.

सकुबाईला वाचता येईना. तिने अनितालाच बोलावलं.

"वाच गो जरा. सरकारी दिसतंय."

अनिता वाचू लागली. "तुझ्या बोटांना सोल्डरचा वास येतो, आणि मला दिवसभर दुसरा वासच येत नाही…"

"सोल्डर म्हंजे काय गो?"

"तारा जोडायचा वितळलेला धातू," अनिता म्हणाली. अक्षर तिने ओळखलं होतं. सकुबाईने मात्र बोटं हुंगून पाहिली. मग तीन दिवस तिने अंबाड्यात अबोली माळली, आणि तिची म्हैस दोन शेर जास्त दूध देऊ लागली.

शुक्रवारी सकाळी अनिताने मला साक्षीदार म्हणून एसटीत कोंबलं आणि शहापूरला नेलं. दिपेशसमोर उभी राहून कडाडली, "लाज नाही वाटत? माझं पत्र सकुआत्याला? निदान नाव तरी टाकायचंस!"

तुम्हीचं तू झालं होतं. दिपेशला तेवढंच ऐकू आलं.

"तिसरं घर तूच सांगितलंस…"

"कोंडूकाका! तिसरं घर आमचं नाय?"

आता मीही तापलो. "कुठनं तिसरं? तुमी मोजता देवळाकडनं. मी येतो रस्त्याकडनं! सात घरांची आळी. माझ्या बाजूने तुमचं घर पाचवं. मला विचारल्याशिवाय माझा आकडा तुमाला कळणार कसा?"

अनिताने माझ्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे.

"हेही रस्त्याकडनंच येतं…" ती पुटपुटली.

"कोण?" दिपेश.

"कार्ड! प्रोसेसर मेमरी देवळाकडनं मोजतो. कार्ड बसवरनं, म्हणजे यंत्रातल्या तारांच्या रस्त्यावरनं येतं, त्याचा आकडा वेगळा. तुझ्या पीसीवर दोन्ही आकडे एकच निघतात, म्हणून चाललं. त्या मोठ्या यंत्रात कार्डाचा आकडा एक गिगाबाइटने पुढे असतो. आणि मी बावळट, प्रोसेसरचाच पत्ता कार्डाच्या हातात देत होते!"

"मग कार्डाच्या बाजूचा पत्ता सांगणार कोण?"

"कर्नेल, यंत्राच्या गाभ्यातला प्रोग्राम. सगळा कारभार तोच बघतो. ही माझी जागा, कार्डाला कुठे दिसेल ते सांग, असं त्याला विचारायचं. काम झालं की जागा मोकळी झाल्याचं कळवायचं. मी विचारलंच नाही रे…"

'रे' ऐकून दिपेशचा टेस्टर कानामागून पडला.

तिने दिपेशच्याच खुर्चीत बसून सहा ओळी बदलल्या. शनिवारी गिरणीवाल्यांसमोर आकडे पडद्यावर रांगेत उभे राहिले. महादूसर म्हणाले, "आमच्या क्लासाचं काम आहे."

"बाईमाणसाचं आहे," अनिता म्हणाली. गिरणीवाल्यांनी पुढच्या कामासाठी तिचंच नाव लिहून घेतलं.

बाहेर पायरीवर दिपेश उभा होता.

"ते पत्र… पुन्हा लिहू?"

"नको." ती रागातच होती, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी वेगळंच चाललं होतं. "पुन्हा काकांना घोळ नको. तूच ये. आबांशी बोल."

"कितवं घर?"

"येणार कुठनं?"

"रस्त्याकडनं…"

"मग पाचवं."

तो आला. लग्नही झालं. अनिताने पत्र परत मागितलं तर सकुबाई खवळली. "तिसऱ्या घराला आलंय ते. माझंय!" पत्र अजून तिच्या ट्रंकेत आहे. आणि गाव अजून म्हणतं, कोंडूने चूक केली!