कालच दिली खोली

इंदिरानगरमधल्या एका जुन्या इमारतीच्या जिन्यात मोहिनी पगारे एकच लोखंडी दार पुन्हा पुन्हा उघडत होती आणि लावत होती. थंडीची सकाळ. कानांवर हेडफोन, हातात छोटा रेकॉर्डर. कडी सरकताना होणारी बारीकशी कुरकुर तिला हवी होती.

वरून चाव्यांचा जुडगा खुळखुळवत कुणीतरी उतरलं.

"दार बिघडलंय का, मॅडम?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. तो होता तिथेच थांबला... एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. वाजू नयेत म्हणून चाव्या त्याने मुठीत घट्ट धरल्या. तेवढ्यावरूनच तो तिला आवडला.

"झालं. बोला आता."

"श्वास घेतला तर चालेल?"

तो ललित चांदवडकर, भाड्याची घरं मिळवून देणारा एजंट. ही मुलगी व्हिडिओ गेम बनवते आणि त्यासाठी दारांचे आवाज गोळा करते, हे कळल्यावर त्याने जुडगा तिच्यासमोर धरला.

"मग माझ्यासारखा माणूस सापडायचा नाही तुम्हाला. अर्धं नाशिक उघडतो मी."

"बढाई?"

"नाही हो... धंदा!"

पुढचे काही रविवार दोघं रिकाम्या घरांमधून फिरली. ती कड्या, बिजागऱ्या, बेल टिपायची. तो बाल्कनीतून पांडवलेण्यांचा डोंगर दाखवायचा आणि म्हणायचा, "हा दिसतो म्हणून भाडं जास्त." अहो-जाहो कधी गळून पडलं ते कळलंच नाही. एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीशी तो उभा असताना ती म्हणाली, "हलू नकोस."

"रेकॉर्डिंग?"

"नाही. तुझ्यावर ऊन छान पडलंय."

बडबडा ललित खरंच हलला नाही.

मग एका रविवारी, रिकाम्या हॉलच्या फरशीवर बसून, तिने त्याला लॅपटॉपवर आपला गेम खेळायला दिला. खेळणाऱ्याने व्हायचं तिची आई – सविता, निफाडहून नाशिकला बदलून आलेली नर्स, कडेवर तान्ही मोहिनी. सूर्य मावळायच्या आत खोली शोधायची. प्रत्येक दार हसून उघडतं. पाणी मिळतं, बाळाचा गालगुच्चा घेतला जातो. मग प्रश्न येतो, "आडनाव काय म्हणालात?" खरं सांगितलं की, "अगं बाई, कालच दिली खोली..." खोटं सांगितलं तर खोली मिळते, पण मग पाहुणा आला की बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत ठेवावा लागतो.

ललित सुरुवातीला चटाचट खेळला. मग बोटं मंदावली.

"खरं काय झालं होतं?"

"आईने आडनाव लपवलं नाही. शेवटी बुद्धविहाराशेजारी एका मावशींनी खोली दिली. मी तिथेच वाढले."

त्याने लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "मोहिनी... मंगळवारी मी हेच वाक्य म्हटलंय. फोनवर, एका जोडप्याला. मालक आधीच सांगून ठेवतात, 'आपल्यातलेच बघा.' म्हणून मी पहिल्याच फोनला पूर्ण नाव विचारतो. आणि मग..."

तिने गेममधल्या प्रत्येक मालकाला चेहरा दिला होता. एजंट तिला सुचलाच नव्हता.

ती रडली नाही, ओरडली नाही. रेकॉर्डर चालू करून तिने त्याच्यापुढे ठेवला.

"म्हण. मंगळवारी म्हटलंस तसंच. शेवटच्या दाराला अजून आवाज नाहीये."

"तुझ्याकडे बघून नाही जमणार."

"मग भिंतीकडे बघ."

त्याने म्हटलं. मऊ, हळहळत, अगदी घरच्या माणसासारखं – "अरेरे, कालच दिली हो खोली..." ऐकणाऱ्यानेच उलट त्याचं सांत्वन करावं, असा आवाज. तिने रेकॉर्डर बंद केला.

लॅपटॉप मिटून ती उठली. "फोन करू नकोस. मी करेन... केला तर."

त्याने फोन केला नाही. गेम पूर्ण झाल्यावर तिनेच त्याला कॉलेज रोडवरच्या चहाच्या टपरीवर बोलावलं.

"गेमच्या शेवटी आवाज देणाऱ्यांची नावं येतात. तुझं नको असेल तर गाळते."

"घाल. पूर्ण घाल. खाली 'भाड्याची घरं, इंदिरानगर' हेही घाल."

"मालक बघतील."

"त्यांना सांगून झालंय, यापुढे मी नाव विचारणार नाही. बरेच जण दुसऱ्या एजंटकडे गेले. घरी बाबांनी बोलणं टाकलंय."

"आणि ते जोडपं?"

"फोन केला. खोटं बोललो होतो म्हणून सांगितलं. बाईंनी चांगलंच सुनावलं आणि फोन आपटला."

"बरं केलं त्यांनी."

"हो."

चहा निवत होता. "हे माझ्यासाठी केलंस?" तिने विचारलं.

"सुरुवात तुझ्यामुळे झाली, नाही कशाला म्हणू? पण आत्ता तू उठून गेलीस तरी ते वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. मलाच ऐकवत नाही."

तिने लॅपटॉप उघडला, त्याचं पूर्ण नाव आणि धंदा टाइप केला, त्याला दाखवलं आणि सेव्ह केलं.

"आता ऐक. तू मला आवडतोस. आधीपासूनच. मध्यंतरी ठरवलं होतं की सांगायचं नाही. आज सांगतेय."

"उत्तर देऊ?"

"मी प्रश्न विचारला नव्हता."

तरीही त्याने दिलं. इतक्या हळू की शेजारच्या टेबलावरच्या मुली कान टवकारून हिरमुसल्या.

"आईला तुझा आवाज ऐकवलाय," मोहिनी म्हणाली. "धंदाही सांगितलाय."

त्याचा चेहरा पडला. "काय... काय म्हणाल्या?"

"म्हणाली, आवाज गोड आहे पोराचा. समोर आणून बसव, मग बघू काय बोलतो ते. चल, घरीच आहे ती."

"आत्ता?"

"आत्ता."

स्कूटर तिने काढली. मागे बसलेल्या ललितने हात कुठे ठेवावेत हे न कळून ते स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले. सिग्नलला थांबल्यावर तिने मागे हात नेला, त्याचा हात ओढला आणि आपल्या कमरेशी ठेवला.

"नीट धर," ती पुढे बघतच म्हणाली, "रस्ता खड्ड्यांचा आहे."