तिसऱ्या अंकाचा कार्बन

चौऱ्याऐंशी सालचा मे महिना. दुपारी चारला मी मुलुंडहून रिक्षा केली आणि भांडुपला निघाले. मांडीवर पेटीतलं टाईपरायटरचं मशीन, पिशवीत कागद आणि कार्बनचं नवं पाकीट. मराठी टायपिंग करून देणारी बाई मी, वय वर्षं त्रेचाळीस, मान कायमची वाकडी. नाटकवाल्यांची स्क्रिप्टं टाईप करते. आयुष्यात नाटक म्हणाल तर तेवढंच.

काम होतं भीमराजांचं. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा उजवा हात गेला, पार खांद्यापासून. म्हणून ते सांगणार आणि मी मशीनवर मारणार. पान संपलं, की मशीनकडे न बघताच म्हणायचे, "बाई, कागद लावा." मी त्यांना हवालदारसाहेब म्हणायची. होते नाईक, बढती माझी.

आधी त्यांनी एकांकिका लिहिल्या, मग अंधेरीच्या स्टुडिओंमध्ये सिनेमे. एका सिनेमातल्या हात तुटलेल्या शिपायाला दिग्दर्शकानं दोन्ही हात परत दिले, वर बागेत गाणं दिलं. तेव्हापासून सिनेमा बंद. आता हे नाटक. खंदकात अडकलेले एका गावचे दोन शिपाई. त्यातला एक भीमराज स्वतः. नाटकात नाव धोंडू. दुसरा अंबादास, त्याचं नाव मात्र खरं ठेवलेलं. शेवटी जखमी अंबादास म्हणतो, "तू जा, धोंडू. मी येतो मागनं." मग पडदा.

हा शेवट जयवंताला पटेना. जयवंत म्हणजे निर्माता. "सगळं झकास आहे हो," तो म्हणायचा, "पण शेवटी अंबादास खोटं बोलतोय असं वाटतं." की आम्ही पुन्हा तिसरा अंक मारायला बसायचो. सहा वेळा झालं. एक मूळ आणि दोन कार्बन प्रती, म्हणजे तोवर त्या बिचाऱ्या अंबादासला मी अठरा वेळा मारलं होतं. शत्रूनं एकदाच मारलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचं वाचन होतं. नाही पटलं तर जयवंत नाटक सोडणार होता. त्यात मानखुर्दहून कमलवहिनी ऐकायला यायच्या होत्या. कमल म्हणजे अंबादासची बायको. इस्पितळातून सुटल्यावर भीमराजांनी तिला सांगितलं होतं, त्यानंच मला 'तू जा' म्हणून धाडलं. त्या दोन शब्दांवर बाईनं बारा वर्षं काढली. मुलानं शाळेत भाषणसुद्धा केलं त्याच्यावर.

मी पोचले तर भीमराज रिकामी बाही चोळत बसले होते.

"काय हो, दुखतोय?"

"दुखत नाही, ओढतोय. सकाळपासनं."

"नसलेला हात कोण ओढणार?"

नेहमी हसायचे. तेव्हा हसले नाहीत.

बसलो. पत्रा तापलेला, पंखा बंद, लाईट गेलेली. उजेड खिडकीतून येत होता तेवढाच. पान पान करत शेवटाला आलो. "पडदा," ते म्हणाले, मी मारलं, कागद ओढून काढला. खालचा कागद कोरा! आणि मूळ कागदाच्या पाठीवर सगळी उलटी अक्षरं. कार्बन उलटा लागला होता. टायपिंग क्लासमधली पहिल्या आठवड्याची पोरगी करते ती चूक. वीस वर्षं झाली हो मला!

"वाट लागली," मी म्हटलं. "पान पुन्हा मारते, कोणाला सांगू नका."

पान खिडकीशी धरलं. पुढची अक्षरं आणि मागची उलटी अक्षरं नेमकी एकमेकांवर बसलेली दिसत होती. तशीच बसतात, ठोका एकच असतो ना. फक्त शेवटून दुसऱ्या ओळीत बसली नव्हती. तिथे नुसती काळी गिचमिड.

भिंतीवर भीमराजांचा दाढीचा आरसा होता. पानाची पाठ त्याच्यासमोर धरली आणि सरळ झालेली ओळ वाचली.

'अंबादास : भीमा, मला टाकून जाऊ नको.'

मी पान उलटवलं. पुढे होतं, 'तू जा, धोंडू. मी येतो मागनं.'

"हवालदारसाहेब... हे तुम्ही सांगितलं होतं?"

ते उठून आले. आरशात बघितलं. एकदा. मग डाव्या हातानं आरसा भिंतीकडे वळवला.

"पुन्हा मारा," म्हणाले. "नीट मारा."

या वेळी कार्बन मी तीनदा तपासला. तोंडानं बोलत एकेक अक्षर मारलं. तू... जा... धोंडू. कागद काढला. वर तेच. खालच्या प्रतीत, सरळ आणि स्वच्छ अक्षरांत, 'भीमा, मला टाकून जाऊ नको.'

खोलीत वास यायला लागला. ओल्या चिखलाचा, कुजलेल्या पेंढ्याचा. मे महिन्यात, भांडुपच्या चढावर, जिथे नळाला दोन दिवस पाणी नव्हतं.

"मी निघते," मी म्हटलं. उठले मात्र नाही. मशीन टाकून जायची हिंमत नव्हती.

"बसा बाई." बाही त्यांच्या अंगापासून जराशी लांब झाली होती. वारा नव्हता. "तो जा म्हणाला नाही. त्यानं माझा हात धरला होता... हाच. दोन्ही हातांनी. मी सोडवून घेतला. एकेक बोट उचकटलं आणि पळालो. वीस पावलांवर गोळा पडला."

"मग हे... इतकी वर्षं..."

"कमलला काय सांगणार होतो? तुझा नवरा रडत होता म्हणून?"

मला कुठे बोलता येतं, मी दुसऱ्यांचं मारते.

बाहेर अंधारून आलं. मग ते हळूच म्हणाले, "बाई, कागद लावा."

मी नवा कोरा कार्बन काढला. मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी धोंडूचा भीमा केला, आणि उचकटलेल्या बोटांपर्यंत सगळं सांगितलं. या वेळी तिन्ही प्रती सारख्या आल्या.

दुसऱ्या दिवशी मुलुंडला, सुट्टीतल्या शाळेच्या एका वर्गात वाचन झालं. शेवटाला भीमराजांचा आवाज फाटला. जयवंत पेन चघळायचा थांबला. कमलवहिनी पहिल्या बाकावर, जेवणाचा डबा मांडीवर घेऊन, ताठ बसल्या होत्या.

"तो जा म्हणणारा नव्हताच," त्या म्हणाल्या. "सुट्टी संपवून जायचा तेव्हा स्टँडवर पदर सोडायचा नाही माझा. मला वाटायचं, लढाईत बदलला असेल."

"वहिनी, मी..."

"तुम्ही पळालात ते कळलं. एवढी वर्षं मला खोट्याची आरती करायला लावलीत, ते नंतर बघू. पुढं काय झालं त्याचं?"

भीमराज खाली बघत होते. "माहीत नाही वहिनी. मी मागं वळून बघितलं नाही. प्रेतही मिळालं नाही."

"म्हणजे नाटक अर्धंच आहे," कमलवहिनी म्हणाल्या, आणि डबा उचलून निघून गेल्या.

भीमराजांचा हात त्या दिवसापासून ओढला जात नाही. छान झालं त्यांचं.

मी घरी येऊन पिशवी आवरली. त्या शेवटच्या पानाचा कार्बन हाताला लागला. एकदाच वापरलेला कार्बन उजेडाशी धरला, की मारलेलं सगळं त्यात वाचता येतं. मी धरला. सवय, दुसरं काय. सगळं होतं. उचकटलेली बोटं होती, 'पडदा' होता. आणि पडद्याखाली, जिथे मी काही मारलं नव्हतं, तिथे आणखी एक ओळ होती.

'बाई, कागद लावा.'

मी अजून लावलेला नाही. मशीनवर गोधडी घातलीय, वर पाटा ठेवलाय. कमलवहिनींचे दोन निरोप येऊन गेले, अंबादासचं पुढं काही कळलं का म्हणून. त्यांना काय सांगू? कळेल, पण आधी मला ते मारावं लागेल, माझ्या बोटांनी.

रोज सकाळी पाटा उतरवून बघते. गोधडी जशीच्या तशी असते. खाली मशीनचा रोलर मात्र पार उजवीकडे सरकलेला असतो. नवी ओळ सुरू करताना सरकवतो, तसा.